लॉगची ओळ मध्येच का तुटते?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी लिनक्स कर्नलसाठी मॉड्यूल लिहायला शिकतो आहे. उपकरणाची सगळी सेटिंग्ज ‘एसएनप्रिंटएफ’ने एका बफरमध्ये जमा करायची आणि शेवटी ‘पीआर_इन्फो’ने तो बफर एकदाच छापायचा, अशी माझी रचना आहे. मजकूर साधारण ३००० अक्षरांचा होतो. कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या डीमेसेज या कमांडमध्ये मात्र त्यातला सुरुवातीचा एक तृतीयांश भागच दिसतो, पुढचं सगळं गायब. ना एरर, ना वॉर्निंग. लॉग बफर अपुरा पडत असेल असं वाटून बूट करताना ‘लॉग_बफ_लेन’ ४ एमबी दिलं, तरी तेच. मग लूप लावून एकेक अक्षर छापलं, तर प्रत्येक अक्षर वेगळ्या ओळीवर आलं. लांब मेसेज छापायची योग्य रीत कोणती?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन मर्यादांची गल्लत झाली आहे, ती आधी सोडवू. ‘लॉग_बफ_लेन’ने ठरते ती सगळ्या लॉगला मिळून असलेली जागा. वेगळं काही सांगितलं नाही तर ती बहुधा १२८ केबी असते. ती ४ एमबी केल्यावर जुन्या नोंदी जास्त काळ टिकतात, एवढाच फरक पडतो. एका नोंदीत किती मजकूर मावेल ही मर्यादा निराळी आहे आणि ती १०२४ बाइटची आहे. बूट पॅरामीटरने ती हलत नाही, कॉन्फिगमध्येही तिच्यासाठी पर्याय नाही, ती सोर्समध्येच लिहिलेली आहे. थोड्या जुन्या कर्नलांत या १०२४ मधूनच टाइमस्टॅम्पसारख्या गोष्टींसाठी ३२ किंवा ४८ बाइट बाजूला काढले जात, त्यामुळे हाती ९९२ किंवा ९७६ उरत. तुम्हाला दिसलेला एक तृतीयांश भाग तो हाच.

इतकी कमी जागा का, असं वाटणं साहजिक आहे. ‘पीआर_इन्फो’च्या मागे छापण्याचं काम करणारं कर्नलचं मूळ फंक्शन म्हणजे प्रिंटके. ते कुठूनही बोलावता आलं पाहिजे, ही त्याची पहिली अट आहे. इंटरप्ट हँडलरमधून, लॉक धरलेला असताना, एनएमआयमधून (अडवता न येणाऱ्या इंटरप्टमधून), इतकंच काय पॅनिक होऊन (गंभीर बिघाडामुळे कर्नल स्वतःच थांबतो तेव्हा) सगळं कोसळत असताना शेवटची ओळही त्यालाच लिहायची असते. अशा वेळी ते मेमरी मागत बसू शकत नाही, कारण मेमरी देणारा भागच कदाचित बिघडलेला असतो. म्हणून एका नोंदीची कमाल जागा आधीपासून ठरलेली असावी लागते. २०१२ मध्ये ३.५ आवृत्तीत के सीव्हर्स यांनी लॉगची बांधणी बदलली. त्याआधी बाइटांचा सलग प्रवाह असे, त्यानंतर प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक, वेळ आणि लेव्हल (मेसेज किती गंभीर ते) मिळाली. डिसेंबर २०२० मध्ये ५.१० आवृत्तीत जॉन ओग्नेस यांचा लॉकशिवाय चालणारा रिंग बफर (भरला की सर्वांत जुन्या नोंदींवर लिहिणारा) आला. दोन्ही वेळा आतली यंत्रणा मुळापासून बदलली, तरी एका नोंदीची मर्यादा त्याच एक हजाराच्या घरात राहिली.

मजकूर कापला जातो याचं मला फार वाटत नाही. तो मुकाट्याने कापला जातो याचं वाटतं. आत काय घडतं ते पाहा. नव्या कर्नलांत प्रिंटके तुमची फॉरमॅट स्ट्रिंग दोनदा चालवतं : पहिल्यांदा फक्त लांबी मोजायला, दुसऱ्यांदा खरोखर लिहायला. मोजलेली लांबी मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर ती मर्यादेइतकी केली जाते आणि काम पुढे चालू राहतं. कापल्याची खूण कुठेच पडत नाही. शब्द अर्धा तुटला तर तो डोळ्यांना कळतो, पण हेक्स आकडा तुटला तर कळत नाही. रजिस्टरची किंमत ‘१एफ४०’ असेल आणि ओळ ‘१एफ’वर संपली, तर वाचणारा ‘१एफ’ हीच किंमत धरून पुढे शोध घेत बसतो. चुकीचा लॉग नसलेल्या लॉगपेक्षा जास्त वेळ खातो. म्हणून माझा आग्रह असा, की मर्यादा कर्नलने लावायच्या आधी आपणच लावावी आणि कुठे लावली ते ओळीवर दिसू द्यावं.

एकेक अक्षर वेगळ्या ओळीवर का आलं? पूर्वी न्यूलाइनशिवाय छापलेला मजकूर पुढच्या मजकुराला आपोआप जोडला जाई. २०१६ मध्ये, ४.९ आवृत्तीपासून, लिनस टॉरवाल्ड्स यांनी तो सैलपणा बंद केला. आता पुढचा मजकूर आधीच्याच ओळीचा आहे असं ‘पीआर_कंट’ वापरून स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर प्रत्येक प्रिंटके नवी नोंद सुरू करतं. ‘पीआर_कंट’ वापरलंत तरी तुमचा प्रश्न सुटणार नाही. जोडत जोडत नोंद मोठी होते, पण तिची कमाल मर्यादा तीच राहते. शिवाय मध्येच दुसऱ्या सीपीयूवरून कोणी काही छापलं तर जोडणी तिथेच तुटते. बूट होताना एखाद्या छोट्या यादीत चार शब्द जोडायला ते ठीक आहे. तीन हजार अक्षरांसाठी नाही.

आता तोडायचं कसं ते सांगते. तुमचा मजकूर सेटिंग्जचा आहे, म्हणजे त्यात नैसर्गिक ओळी असणारच. न्यूलाइन येईल तिथे तोडा आणि प्रत्येक ओळ स्वतंत्र प्रिंटकेने छापा. ‘स्ट्रसेप’ वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा : ते मूळ बफरमध्येच न्यूलाइनच्या जागी शून्य लिहितं, त्यामुळे तोच बफर नंतर पुन्हा लागणार असेल तर तो मोडलेला सापडेल. मला दुसरी रीत आवडते. न्यूलाइन कुठे आहे ते फक्त शोधायचं आणि फॉरमॅटमध्ये टक्क्याच्या चिन्हानंतर बिंदू, तारा आणि ‘एस’ देऊन तेवढ्याच लांबीचा तुकडा छापायचा. मूळ मजकुराला हात लागत नाही. एखादी ओळच भलती लांब असेल तर मी ८०० बाइटांच्या अलीकडच्या शेवटच्या मोकळ्या जागेवर तोडते. १०२४ च्या अगदी काठावर जाण्यात काही मिळत नाही, कारण जुन्या कर्नलांत काठ थोडा अलीकडे आहे हे वर आलंच. बफर थेट फॉरमॅटच्या जागी मात्र कधी देऊ नका. त्यात कुठे टक्क्याचं चिन्ह आलं तर प्रिंटके त्याला फॉरमॅट समजून स्टॅकवरचं काहीही वाचायला जाईल. बफर नेहमी ‘%एस’मधूनच.

तुकडे केले की दुसरी अडचण उभी राहते. एक प्रिंटके म्हणजे एक अखंड नोंद, एवढीच हमी आहे. दोन प्रिंटकेंच्या मध्ये दुसऱ्या ड्रायव्हरची ओळ येऊ शकते, आणि गर्दीच्या वेळी येतेच. यावर काही जण स्पिनलॉक धरून, इंटरप्ट बंद करून सगळे तुकडे एका दमात छापतात. कृपा करून तसं करू नका. तुमचा लॉक फक्त तुमच्या मॉड्यूलला अडवतो, बाकीच्या कर्नलला नाही, म्हणजे सरमिसळ थांबतच नाही. वर वेळ जातो. सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर चालत असेल तर एका बाइटमागे स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. तुमच्या ३००० बाइटांना पाव सेकंदाहून जास्त लागेल. ९६०० बॉड असेल तर तीन सेकंदांच्या वर. एवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवणं म्हणजे त्या सीपीयूवरची बाकी कामं खोळंबवणं. अलीकडच्या कर्नलांत छपाई वेगळ्या थ्रेडकडे सोपवणारी ‘एनबीकॉन’ पद्धत येते आहे, पण तुमच्या मशीनवरचा कन्सोल ड्रायव्हर त्या पद्धतीने लिहिलेला असेल तरच तिचा उपयोग, तेव्हा तिच्या भरवशावर कोड लिहू नका.

सरमिसळ होऊ द्या, पण नंतर ती सोडवता येईल अशी सोय ठेवा. प्रत्येक तुकड्यावर या डंपचा क्रमांक आणि एकूणपैकी कितवा तुकडा ते लिहा, उदाहरणार्थ ‘कॉन्फ १७ : ३/९’. मग ‘कॉन्फ १७’ शोधला की सगळे तुकडे एका खाली एक मिळतात, आणि आठवा तुकडा नसेल तर तो नाही हेही कळतं. हा क्रमांक मी सगळ्यात महत्त्वाचा मानते. उपकरणाचा पॉइंटर हाताशी असेल तर ‘पीआर_इन्फो’ऐवजी ‘डेव्ह_इन्फो’ घ्या, म्हणजे ड्रायव्हरचं आणि उपकरणाचं नाव प्रत्येक ओळीपुढे आपोआप लागेल. नाहीतर फाइलच्या अगदी वर, हेडर घेण्याच्या आधी, ‘पीआर_एफएमटी’ मॅक्रोमध्ये मॉड्यूलचं नाव लिहून ठेवा.

तुमच्या बफरबद्दल पत्रात फारसं काही नाही, पण तो फंक्शनच्या आत साध्या ॲरेसारखा घेतला असेल तर आधी तिथून काढा. ६४ बिट एक्स८६ वर कर्नलचा स्टॅक सगळा मिळून १६ केबी असतो आणि तो तुमच्या एकट्याचा नसतो. तुमच्या वरची सगळी फंक्शनं त्यातच बसतात. एका फंक्शनची फ्रेम २०४८ बाइटांपुढे गेली की ६४ बिटवर कंपायलर बहुधा तक्रार करतो. ती तक्रार ऐका. ‘केमॅलॉक’ने जागा घ्या. झोपता येत नाही, म्हणजे थांबून वाट पाहता येत नाही, अशा ठिकाणी असाल तर ‘जीएफपी_ॲटॉमिक’ द्या आणि जागा मिळाली नाही तर काय करायचं तेही लिहा. आणि जमा करताना ‘एसएनप्रिंटएफ’च्या जागी ‘एससीएनप्रिंटएफ’ वापरा. पहिलं फंक्शन किती लिहिलं असतं ते सांगतं, दुसरं खरोखर किती लिहिलं ते. बफर भरल्यावर पहिल्याच्या उत्तराने ऑफसेट पुढे सरकवत गेलात, की उरलेली जागा उणे होते आणि साइनशिवायच्या प्रकारात ती उणे संख्या अवाढव्य दिसते.

एवढं सांगून झाल्यावर माझं खरं मत : हा मजकूर लॉगमध्ये जाऊच नये. लॉग घडलेल्या गोष्टींसाठी असतो. लिंक तुटली, फर्मवेअर मिळालं नाही, टाइमआउट झाला, या घटना आहेत, त्यांना वेळ असते आणि त्या एका ओळीत मावतात. तुमची सेटिंग्ज ही घटना नाही, ती उपकरणाची आत्ताची स्थिती आहे. स्थिती ज्याला हवी त्याने हवी तेव्हा वाचावी. त्यासाठी डीबगएफएस आहे, म्हणजे कर्नलमधली माहिती फाइलींसारखी वाचायला देणारी, डीबगसाठीची फाइल सिस्टिम. मॉड्यूल सुरू होताना तिथे एक फाइल तयार करा आणि तिच्यामागे सेक_फाइल (seq_file, लांब मजकूर फाइलीतून देण्याची कर्नलची तयार सोय) ठेवा. ‘डिफाइन_शो_ॲट्रिब्यूट’ हा मॅक्रो ओपन-रीडचं सगळं सामान तयार करून देतो, तुम्ही फक्त एक ‘शो’ फंक्शन लिहायचं आणि त्यात ‘सेक_प्रिंटएफ’ करत राहायचं. बफर घेणं, मोजणं, तोडणं, यातलं काहीच तुमच्याकडे उरत नाही. ३००० अक्षरं असोत की ३०,०००.

सेक_फाइल हे कसं जमवते ते माहीत असायला हवं, कारण त्यातच एक खोच आहे. ती आधी एका पानाएवढा बफर घेते आणि तुमचं ‘शो’ चालवते. मजकूर मावला नाही तर तो बफर टाकून देते, दुप्पट मोठा घेते आणि ‘शो’ पहिल्यापासून पुन्हा चालवते. म्हणजे एकदा ‘कॅट’ केलं तरी तुमचं फंक्शन दोन-तीनदा चालू शकतं. तुमच्या उपकरणात वाचताक्षणी शून्य होणारी रजिस्टरं असतील, इंटरप्टची कारणं आणि एररचे काउंटर बऱ्याचदा तसे असतात, तर पहिल्या फेरीत खरी किंमत वाचून ती टाकलेल्या बफरबरोबर जाईल आणि दुसऱ्या फेरीत सगळीकडे शून्य दिसेल. अशी रजिस्टरं ‘शो’मध्ये थेट वाचू नका. ती वाचून स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये साठवा आणि ‘शो’मध्ये साठवलेली किंमत छापा. मॉड्यूल काढताना डीबगएफएसची फाइलही काढा; ती मागे राहिली आणि नंतर कोणी उघडली तर कर्नल नसलेल्या फंक्शनकडे उडी मारेल.

सिसएफएस (उपकरणांची माहिती छोट्या फाइलींतून देणारी फाइल सिस्टिम) चालेल का, असा पुढचा प्रश्न तुम्ही विचाराल. नाही. तिथे एका फाइलीत एक किंमत असा नियम आहे आणि जागाही एका पानाचीच, म्हणजे बहुतेक मशीनवर ४०९६ बाइट. लॉगमध्ये मग काय ठेवायचं? सेटिंग्ज बदलली, कोणी बदलली, किती रजिस्टरांवर परिणाम झाला, एवढी एक ओळ. तपशील डीबगएफएसमध्ये.

प्रश्न : मी पहिलंच मॉड्यूल लिहिलं. इन्समॉड करून ते लोड केल्यावर टर्मिनलवर काही येत नाही. डीमेसेजमध्येही सुरुवातीचा मेसेज नव्हता, पण आरएममॉडने मॉड्यूल काढल्यावर सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही मेसेज एकदम दिसले. माझं इनिट फंक्शन उशिरा चालतं का?

उत्तर : इनिट वेळेवरच चालतं. तुमच्या पहिल्या मेसेजच्या शेवटी न्यूलाइन नाही. न्यूलाइन नसली की कर्नल समजतो, ओळ अजून पुरी व्हायची आहे, कदाचित ‘पीआर_कंट’ येईल, आणि ५.१० पासून अशी उघडी नोंद वाचणाऱ्यांना दाखवलीच जात नाही. पुढचं कोणतंही प्रिंटके आलं की आधीची नोंद बंद होते आणि दिसू लागते. तुमच्याकडे ते पुढचं प्रिंटके आरएममॉडच्या वेळी आलं. प्रत्येक मेसेज न्यूलाइनने संपवायची सवय आत्ताच लावून घ्या. मशीन लटकल्यावर शेवटची ओळ दिसली नाही म्हणून बिघाड दुसऱ्याच फंक्शनमध्ये शोधला जातो, आणि प्रत्यक्षात त्या ओळीच्या शेवटी फक्त न्यूलाइन राहिलेली असते.

टर्मिनलवर काही न येण्याचं कारण वेगळं. खिडकीतलं टर्मिनल हा कर्नलचा कन्सोल नाही. कन्सोल म्हणजे सिरियल पोर्ट किंवा खिडक्यांशिवायचा मजकुराचा पडदा. खिडकीत बसून काम करताना दुसऱ्या खिडकीत ‘डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवा, नोंदी येतील तशा दिसत राहतील.

खऱ्या कन्सोलवरही सगळं येत नाही. लेव्हल आठ आहेत, ० म्हणजे इमर्जन्सी आणि ७ म्हणजे डीबग. ‘/प्रॉक/सिस/कर्नल/प्रिंटके’ उघडलंत तर चार आकडे दिसतील. त्यातला पहिला कन्सोलची सध्याची लेव्हल, आणि मेसेजची लेव्हल त्याहून लहान असेल तरच तो कन्सोलवर जातो. तो आकडा ७ असेल तर इन्फो दिसेल, डीबग नाही. बूट करताना ‘क्वाएट’ दिलेलं असेल तर तो ४ होतो आणि एरर किंवा त्याहून गंभीर तेवढंच दिसतं. ‘डीमेसेज -एन’ने तो बदलता येतो. मेसेज कन्सोलवर दिसावा म्हणून त्याची लेव्हल एरर करणारा कोड मी पुष्कळदा वाचला आहे. तसं करू नका. ज्या माणसाने फक्त एरर पाहायचे ठरवले आहेत, त्याच्या यादीत तुमचं ‘सुरू झालं’ कशाला?

प्रश्न : नेटवर्क ड्रायव्हर तपासताना प्रत्येक पॅकेट हेक्समध्ये छापते. स्वतःचा लूप लिहून दर ओळीला ‘पीआर_इन्फो_रेटलिमिटेड’ वापरलं आहे. डंपच्या सुरुवातीच्या दहा ओळी येतात, मग ‘कॉलबॅक्स सप्रेस्ड’ असा मेसेज. रेटलिमिट काढलं तर मशीन अडखळतं आणि पॅकेट गळू लागतात.

उत्तर : रेटलिमिट त्याचं काम बरोबर करतंय, फक्त ते चुकीच्या जागी लागलं आहे. मूळ ठरवणुकीप्रमाणे ते ५ सेकंदांत १० मेसेज जाऊ देतं. १५०० बाइटांच्या पॅकेटच्या, ओळीला १६ बाइट धरले तर, ९४ ओळी होतात. त्यातल्या पहिल्या दहा गेल्या आणि उरलेल्या अडल्या. निर्णय दर ओळीला घेऊ नका, दर पॅकेटला घ्या : स्वतःची रेटलिमिट स्टेट ठेवा, पॅकेट आलं की एकदाच तिला विचारा, हो म्हणाली तर सगळं पॅकेट छापा, नाही म्हणाली तर सगळं सोडा. अर्ध्या पॅकेटचा काहीच उपयोग नसतो.

लूपही काढून टाका. ‘प्रिंट_हेक्स_डंप’ १६ किंवा ३२ बाइटांच्या ओळी, ऑफसेट आणि शेजारी वाचता येणारी अक्षरं, सगळं करून देतं. त्याचं ‘प्रिंट_हेक्स_डंप_डीबग’ हे रूप घेतलं तर डायनॅमिक डीबगमधून ते चालू-बंद करता येतं, मॉड्यूल पुन्हा बांधावं लागत नाही. नुसते हेडरचे बाइट पुरत असतील तर प्रिंटकेच्या फॉरमॅटमध्येच ‘%*पीएच’ आहे. ते ६४ बाइटांपर्यंत एका ओळीत छापतं. माझा अनुभव असा, की नेटवर्कचे बहुतेक दोष पहिल्या ६४ बाइटांतच सापडतात.

मशीन का अडखळतं ते आकड्यांतच दिसतं. टाइमस्टॅम्प आणि ऑफसेट धरून डंपची एक ओळ शंभर बाइटांच्या आसपास जाते. ९४ ओळी म्हणजे सुमारे नऊ हजार बाइट, म्हणजे ११५२०० बॉडच्या सिरियलवर एका पॅकेटला पाऊण सेकंद. सेकंदाला हजारो पॅकेट येत असताना हे जमणार कसं? सिरियल कन्सोल जोडलेला असेल तर निदान तपासणीपुरती त्याची लेव्हल खाली आणा, म्हणजे नोंदी बफरमध्ये जातील पण तारेवर जाणार नाहीत. त्याहून चांगला मार्ग ‘ट्रेस_प्रिंटके’चा. ते कन्सोलकडे जातच नाही, प्रत्येक सीपीयूच्या स्वतःच्या ट्रेस बफरमध्ये लिहितं, आणि तुम्ही नंतर ‘/सिस/कर्नल/ट्रेसिंग/ट्रेस’ वाचता. एका नोंदीला मर्यादा तिथेही आहे, तेव्हा तुकडे करावेच लागतील. ‘ऊप्स’ (कर्नलमधली गंभीर चूक) झाल्यावर हा बफर कन्सोलवर ओतायचा असेल तर बूट करताना ‘एफट्रेस_डंप_ऑन_ऊप्स’ द्या.

‘ट्रेस_प्रिंटके’ असलेला कोड मात्र कोणाला वापरायला देऊ नका. तसं मॉड्यूल लोड झालं की कर्नल लॉगमध्ये चौकट आखून ‘नोटिस’चा मोठा फलक छापतो, की हा डीबगचा कर्नल आहे, खऱ्या कामाला वापरू नये. कायमस्वरूपी हवं असेल तर ‘ट्रेस_इव्हेंट’ने ट्रेसपॉइंट लिहा.

एक आणखी सांगते, ते तुम्ही विचारलेलं नाही. पॅकेटमध्ये माणसांचा मजकूर असतो. पासवर्ड, पत्रं, फोटोंचे तुकडे. तुमचा लॉग बग रिपोर्टला जोडला जातो आणि मग तो कोणाकोणाकडे पोचतो यावर तुमचा ताबा राहत नाही. हेडरपुरतं छापा, आत जाऊ नका. कर्नलने हे स्वतःपुरतं केव्हाच ओळखलं आहे : ४.१५ पासून ‘%पी’ने पॉइंटर छापला तर खरा पत्ता येत नाही, त्याचा हॅश येतो.

प्रश्न : मशीन पूर्ण लटकतं आणि रीसेट केल्यावर लॉगमध्ये शेवटचे मेसेज नसतात. सिरियल पोर्ट नाही. ते मेसेज मिळवायचे कसे?

उत्तर : दोन मार्ग. पहिला नेटकन्सोल : कर्नलचे मेसेज यूडीपीने दुसऱ्या मशीनवर जातात, वेगळं सांगितलं नाही तर पोर्ट ६६६६ वर, आणि तिथे ऐकणारा कोणताही साधा प्रोग्रॅम ते फाइलीत उतरवून घेतो. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला नेटपोल (इंटरप्टशिवाय पॅकेट पाठवण्याची सोय) यायला हवं. यूडीपी असल्यामुळे हरवलेली ओळ परत येत नाही. इथेही तुकड्यांवरचे क्रमांक कामाला येतात. दोष नेटवर्कच्याच ड्रायव्हरमध्ये असेल तर हा मार्ग बंद.

दुसरा रॅमऊप्स. रॅमचा थोडा भाग राखून ठेवायचा, पॅनिकच्या वेळी लॉगचं शेपूट तिथे लिहिलं जातं आणि पुन्हा बूट झाल्यावर ‘/सिस/एफएस/पीस्टोअर’मध्ये फाइल म्हणून मिळतं. रीसेट चालेल, पण वीज तोडायची नाही, कारण विजेबरोबर रॅममधलंही जाईल. तुमचं मशीन पॅनिक न करता नुसतंच लटकत असेल तर लिहायची वेळच येत नाही. तेव्हा आधी सॉफ्ट आणि हार्ड लॉकअपवर, म्हणजे सीपीयू अडकून पडल्याचं कर्नलला कळल्यावर, पॅनिक होईल असे पर्याय चालू करा, मग रॅमऊप्सला काम मिळेल.

प्रश्न : आमच्या उपकरणाच्या मेमरीत त्याचं नाव देवनागरीत साठवता येतं. ते प्रिंटकेने छापलं तर चालेल का?

उत्तर : बफरमध्ये जाईल, पण छापू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि मात्रा हे वेगळं चिन्ह असतं. ‘की’ला ६ बाइट लागतात. बाइट मोजून तुकडा केला तर तो चिन्हाच्या मध्ये पडू शकतो. ‘/डेव्ह/केएमएसजी’ थेट वाचलं तर प्रत्येक बाइट उलट्या तिरक्या रेघेनंतर हेक्समध्ये दिसतो, म्हणजे एका बाइटची चार अक्षरं होतात आणि त्या एका ‘की’ची चोवीस. डीमेसेज ते परत जुळवून दाखवतं, पण कर्नलच्या मजकुराच्या पडद्याला देवनागरी उमटवता येत नाही. लॉगमध्ये उपकरणाचा क्रमांक छापा. देवनागरी नाव सिसएफएसच्या एका फाइलीतून द्या, तिथे बाइट जसेच्या तसे मिळतात आणि दाखवण्याचं काम वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमकडे राहतं.